पाकिटाची मागची बाजू

जवळचा चष्मा मी महाडला टीव्हीवरच विसरलो. विसरणं किरकोळ होतं. त्यावाचून माझं काही अडत नाही, असं दाखवायला गेलो ते महागात पडलं.

हिच्या आतड्यांना गहू चालत नाही, हे मुंबईच्या डॉक्टरांनी शोधून काढल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ही घराबाहेर पाणीसुद्धा संशयाने प्यायची. तिची इच्छा एकच : एकदा रोपवेत बसून ढगातून रायगडावर जायचं. म्हणून एका श्रावणातल्या सकाळी आम्ही नाते गावावरून रोपवेच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीला पोचलो. ढग पार खाली उतरले होते. पाळणा त्यांत हळूच शिरायचा आणि कुणाच्या तरी स्वप्नात गेल्यासारखा दिसेनासा व्हायचा. ही बघतच राहिली.

नंबर यायला अवकाश होता. शेजारच्या टपरीत एक मावशी भाकऱ्या थापत होत्या.

"या ताय, गरम हाय!"

हिचा हात पुढे झाला. मी (कुटुंबाचा आरोग्यमंत्री!) मध्ये पडलो. "कशाची आहे?"

"तांदलाची. ह्या डोंगरात गहू कुठं पिकतोय, सायब?"

"पण तसं लिहिलंय कुठे?"

मावशींनी भाकरी उलटून पाहिली. "नाय बा."

मी विजयी मुद्रेने मेहुण्याने मुंबईहून आणलेला चिवडा काढला. पाकिटावर टपोऱ्या हिरव्या अक्षरांत 'ग्लुटेन-फ्री', म्हणजे गव्हाचा अंशही नाही! तेवढं चष्म्याशिवायही दिसत होतं.

"अहो, मागे बारीक काय लिहिलंय?"

मी पाकीट हातभर लांब धरलं. मुंग्यांची रांग दिसली.

"कंपनीचा पत्ता!" मी ठोकून दिलं.

तिने विश्वासाने अर्धं पाकीट संपवलं. तासाभराने आमचा नंबर पुकारला आणि ही पोट धरून मटकन खाली बसली! पाळणा आमच्याशिवाय ढगात गेला.

मावशींनी तिला टपरीतल्या बाकावर निजवलं, तांदळाची पातळ पेज पाजली. (कुठे लिहिलंय, असं मी या वेळी विचारलं नाही.) कळ ओसरल्यावर हिने पाकीट उलटं केलं आणि सावकाश वाचलं, "मीठ, हिंग, गव्हाचं पीठ. छान पत्ता आहे हो!"

"आमची भाकर बरी होती गो ताय," मावशी म्हणाल्या. "तिला मागं-फुडं येकच."

"पुढच्या रविवारी नक्की वर जाऊ," मी पुटपुटलो.

ही ढगांकडे बघत, अर्धवट झोपेत असल्यासारखी म्हणाली, "जाऊ द्या हो, तुमचं एकट्याचं कुठे चुकलं? तुमचं स्थळ आलं तेव्हा आमच्या अप्पांनीही पुढचीच बाजू वाचली होती."