प्रजा दचकते

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. मुळगावहून सुर्ल्याकडे जाताना मध्ये कुठेतरी आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर बाबाजी रागावणार नाहीत, उलट माझा सत्कार ठेवतील, आणि ते मला झेपणार नाही.

जयरामची ओळख करून द्यायची तर आधी त्याची नाट्यकारकीर्द सांगायला हवी. दरवर्षी जत्रेला आमच्या गावात नाटक होतं, आणि मिशी फुटल्यापासून जयराम प्रत्येक नाटकात प्रजा होता. ऐतिहासिक असो, पौराणिक असो, संगीत असो. राजा बदलायचा, घराणं बदलायचं, प्रजा तीच. त्याची वाक्यंही ठरलेली. "होय महाराज", "जय असो महाराज" आणि राजा गेला तर "अरेरे". ती तो इतक्या मनापासून म्हणायचा की ऐकून एखाद्या परक्या राजाला वाटावं, गोव्यात येऊन राज्य करावं. तसे काही आलेही, पण त्यात जयरामचा दोष नाही.

नाटक नसेल तेव्हा तो शेती करी. डोंगराच्या पायथ्याशी त्याचा एक कुणगा, भातशेतीचा लहानसा तुकडा, होता. झरीच्या पाण्यावर त्यात तो वायंगण, म्हणजे हिवाळ्यातलं भात, लावायचा. घरातली पेज त्यावर चालायची. दोनेक वर्षांपासून मात्र झरीचं पाणी लाल येऊ लागलं होतं. डोंगरावर कुणीतरी खाणीची टाकाऊ माती आणून ओतत होतं आणि ती गाळ होऊन भातात उतरत होती. आणखी एक वर्ष असं गेलं तर कुणगा कायमचा बुजणार, हे जयरामला दिसत होतं.

माती कोण ओततं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे तशी पद्धत होती. काळोख पडला की ट्रक दिवे मालवून डोंगर चढायचे. बाबाजींच्या ट्रकांचा आवाज गावातली कुत्रीसुद्धा ओळखायची, पण कुत्र्यांना देवस्थानाच्या बैठकीत कोण विचारतो?

बाबाजी म्हणजे ट्रकांचे मालक, देवस्थान समितीचे अध्यक्ष आणि शेती बचाव समितीचेही अध्यक्ष. लाल गाळ आला की ते स्वतः बांधावर यायचे, चिखल हातात घ्यायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरं पाणी, मी जवळून पाहिलंय. "खाणवाल्यांनी आमकां सोंपयले रे जयराम!" संपवलं आपल्याला, असं ते म्हणत. जयराम म्हणे, "होय बाब." नाटकाची तालीम अशी बारा महिने चालू असायची.

ते सत्त्याऐंशी साल. गोवा राज्य झालं होतं आणि भाषेवरून घरोघरी भांडणं लागली होती. आमच्या गावात मराठीच्या बाजूने जोरदार सभा झाल्या, सगळ्या कोंकणीतून. मी शाळेत मराठी शिकवणारा, त्यामुळे अचानक मला भाव आला आणि नव्या राज्यासाठी नवं नाटक लिहावं असं मला वाटू लागलं. डिचोलीला कुणाकडे तरी व्हिडिओवर अंतराळातला एक सिनेमा पाहिला होता. त्याची भाषा मला अजिबात कळली नव्हती, तेव्हा कथानक माझंच म्हणायला हरकत नाही.

नाटकाचं नाव 'तेजोभक्षी सम्राट'. कोटी ग्रहांवर राज्य करणारा एक प्रेमळ, पांढऱ्या दाढीचा सम्राट. एका ग्रहाचा सूर्य दरवर्षी मंद होत जातो. सम्राट तिथे येतो, प्रजेबरोबर रडतो आणि शत्रुग्रहाला शिव्या घालतो. शेवटच्या अंकात त्याची दाढी गळून पडते, आतून निळा चेहरा निघतो, छातीत लाल दिवा पेटतो आणि कळतं की सूर्य पिणारा तोच. हे मी कुणालाही उद्देशून लिहिलं नव्हतं. तेवढं धैर्य आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं. पण पडदा आणि वीज ज्याची, राजा तो, अशी आमच्या रंगभूमीची परंपरा, त्यामुळे सम्राट झाले बाबाजी. सम्राटाचा झगाही त्यांनी घरून दिला, ट्रकवरची काळी ताडपत्री.

जयराम अर्थातच नागरिक. दाढी पडली की 'प्रजा भयाने दचकते' असं मी संहितेत लिहिलं होतं. तिथेच घोडं अडलं. जयरामचं दचकणं म्हणजे घशात माशाचा काटा अडकल्यासारखा काहीतरी आवाज. मी करून दाखवलं, ओरडलो, विनवणीही केली. शेवटी एका तालमीला त्याने हात वर केला. बाबाजी त्या दिवशी शिष्टमंडळ घेऊन पणजीला गेले होते, खाणवाल्यांविरुद्ध.

"मास्तर, ह्या राजाचें खरें रूप लोकांक ठावूक आसा काय ना?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणून तर ते दचकतात."

"पूण सूर्य उणो जाता तो तांकां दिसता मगो?"

"दिसतो. पण सम्राट सांगतो, शत्रूने चोरला."

"आनी तें ते खरें मानतात?"

"जयराम, अरे साम्राज्य केवढं! सम्राट कुठे, नागरिक कुठे! वर्तमानपत्रं त्याची, आकाशवाणी त्याची. कळणार कसं?"

"सूर्याचें तेज भरून व्हरपाक विमानां येतात न्ही? त्या विमानांचे डायवर खंयचे?"

"असतील त्याच ग्रहावरचे."

"मागीर ते घरा वचून बायलेक सांगिनात?"

सम्राटाच्या सैनिकाचं काम भैरू करत होता. भैरू बेळगावकडचा, आमच्या गावात भाड्याने राहणारा, बाबाजींच्या ट्रकवर ड्रायव्हर. तो आपलं चंदेरी शिरस्त्राण बाहीने पुसत होता. इतकं पुसलं की चंदेरी रंग निघून खालचं प्लास्टिकचं घमेलं दिसायला लागलं. मी म्हटलं, "चला, पुढचा प्रवेश."

"तुला ठाऊक नाही असं समज ना!" जाता जाता मी जयरामला बजावलं.

"तें आमी सदांच समजतां, मास्तर," तो म्हणाला. "पूण वयल्यान आनीक दचकूंक कोण सांगना."

जत्रेच्या दिवशी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पहिले दोन अंक झकास झाले. बाबाजी इतके सुंदर रडले की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तिसऱ्या अंकात दाढी पडली. निळा चेहरा चमकला, छातीतला दिवा पेटला, पेटीवाल्याने भेसूर सूर धरला. जयराम पुढे आला. त्याने बाबाजींकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मी विंगेतून "दचक! दचक!" म्हणून हात हलवत होतो.

"ठावूक आसा, महाराजा," जयराम अगदी शांतपणे म्हणाला. "तुमी फुडें चलात."

बाबाजींना पुढचं एकच वाक्य पाठ होतं, तेच त्यांनी गडगडाटी आवाजात म्हटलं. "आता कळलं ना तुम्हांस, मी कोण!"

"आदींच कळ्ळां रे पुता!" पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली.

मग जो हशा उठला तसा आमच्या देवळाने कधी ऐकला नसेल. माणसं एकमेकांकडे बघत होती आणि पुन्हा हसत होती. शेजाऱ्यालाही ठाऊक होतं, हे प्रत्येकाला त्या क्षणी कळत होतं. मलाही हसू फुटलं आणि आनंदाने ऊर भरून आला. मला वाटलं, संपलं साम्राज्य. बाबाजी छातीतला दिवा पेटता ठेवून उभे होते. आधी ते गोंधळले. मग तेही हसले, दिवसभर चावणारे बूट काढून टाकल्यावर माणूस हसतो तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जयरामच्या घरी गेलो, रागवायला म्हणून, खरं तर पाठ थोपटायला. सोप्यावर बसतो न बसतो तोच बाबाजी आले. कानामागे निळा रंग अजून तसाच होता. जयरामची बायको कमलाक्षी हिने चहा आणि पावाचा उंडा आणून ठेवला.

"जयराम, तुका केन्ना कळ्ळें?" बाबाजींनी विचारलं.

"पयल्याच वर्सा, बाब."

"आनी गावाक?"

"गावाक म्हज्याय आदीं."

"मागीर कोणूच उलयलो ना कित्याक?"

गाव का बोललं नाही, ते कमलाक्षीने दारातूनच सांगितलं, "तुमी दिवे बंद करून वयताले, बाब. आमकां दिसतालें, तुमकां लज आसा. लज आसा जाल्यार एक दीस माती घालपूय बंद करतले."

बाबाजींनी उंडा चहात बुडवून सावकाश खाल्ला. मग मोकळा श्वास सोडला. "बरें जालें कळ्ळें तें. त्या भैरूक हांव उगीच काळखांत चलोवंक लायतालों. एक दीस ट्रक घळींत पडटलो आशिल्लो."

तालमीत मी जयरामला साम्राज्याचा एवढा विस्तार समजावला होता, पण त्या अफाट साम्राज्यात एकच माणूस अज्ञानात होता आणि तो म्हणजे सम्राट. आम्हाला ठाऊक नाही, एवढ्याच समजुतीवर तो थोडा घाबरून वागत होता. ती समजूत आम्ही हसून हसून मोडली होती. त्या आठवड्यापासून ट्रक भर सकाळी जाऊ लागले. वळणावर हॉर्नसुद्धा वाजवायचे, सुरक्षिततेसाठी. शेती बचाव समिती उद्दिष्ट पूर्ण झाल्याने बरखास्त झाली. बांधावर येऊन रडायची बाबाजींना आता गरज उरली नाही, आणि खोटं वाटेल, पण लोकांना ते रडणं आठवू लागलं.

काही दिवसांनी मी जयरामच्या कुणग्याकडे गेलो. भात लोंबीवर आलं होतं, आठवडाभर पाणी स्वच्छ मिळालं असतं तर दाणा भरला असता. जयराम गुडघाभर पाण्यात उभा राहून पाटातला गाळ उपसत होता. वर हॉर्न वाजला. भैरूने ट्रक मागे घेतला, आम्हाला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. जयरामला ट्रक ठाऊक होता, ड्रायव्हर ठाऊक होता, मालक ठाऊक होता. माती कुठून घसरेल आणि कुठवर येईल, हेही ठाऊक होतं.

ट्रकचा मागचा भाग उचलला गेला. लाल ढीग झरीवर कोसळला आणि पाटातून सरळ भातात शिरला.

जयरामच्या तोंडून आवाज निघाला. दोन महिने तालमीत मी त्याच्याकडे मागत होतो, तोच. दोन्ही हात छातीशी आले, तोंड उघडं राहिलं, आणि त्याचा सगळा देह एक पाऊल मागे गेला. मला पाहवेना.

लोंब्या लाल गाळाखाली दिसेनाशा झाल्यावर त्याला मी तिथे असल्याची आठवण झाली. चूक पकडली गेल्यासारखा तो ओशाळला.

"ठावूक आशिल्लें, मास्तर," तो म्हणाला. "तरीय दचकप आयलें."