उद्याच्या खोलीतला सांबार

मुंबईहून पाहणीला येणाऱ्या साहेबांच्या गाडीने वाशिमकडचं मालेगाव सोडल्याचा फोन आला, तेव्हा आमच्या 'उद्याच्या खोली'त अर्धं रिसोड घोरत होतं.

मी फिरत्या विज्ञान प्रदर्शनाच्या बसवर एज्युकेटर आहे. म्हणजे यंत्र लोकांना समजावून सांगायचं आणि बंद पडलं की त्याला लाथ घालायची. विषय होता हवामानबदल. धुरातल्या वायूंची पृथ्वीभोवती गोधडी होते, ऊब आत कोंडते, एवढंच पटवायचं. त्यासाठी मुंबईत बसमध्ये एक सिम्युलेशन चेंबर बनवला होता, तीच ही 'उद्याची खोली'. सिम्युलेशन म्हणजे सगळं खोटं, फक्त वीजबिल खरं. आत कायम बेचाळीस डिग्री. कमी झालं की हीटर लागतो, जास्त झालं की एसी. दारावर बोर्ड : 'सावधान! आपण भविष्यकाळात प्रवेश करत आहात.' माणसाने आत जावं, घामाघूम व्हावं, घाबरावं आणि बाहेर पडताना दुसऱ्या दारावरचा बोर्ड वाचावा : 'हुश्श! हा गारवा आपणच जपायचा आहे.' मुंबईत म्हणे ट्रायलला आलेल्या पाहुण्यांना खुर्चीसकट उचलून आणावं लागलं. साहेब बेहद्द खूश.

रिसोडच्या भाजीबाजाराजवळ बस लावली, तेव्हा बाहेर पंचेचाळीस होतं. सावलीसुद्धा झाडाखालून उठून दुसरी सावली शोधत होती. आमचं यंत्र इमानदार. त्याने एसी लावून खोली बेचाळीसवर आणली.

पहिली आत गेली शेवंताबाई. मेथी आणि सांबार विकणारी. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मिनिटभर आत उभी राहिली, बाहेर आली आणि टोपलं घेऊन परत आत गेली. पाठोपाठ सगळा बाजार.

मी म्हणालो, "शेवंताबाई, इथं भ्यायचं असते."

"कायले भेऊ? हे उद्याचं हाय ना? मंग लवकर येऊ द्या. माहा सांबार तरी टिकन."

तिला हसू येत होतं, मला नाही. बस वाशिम जिल्ह्यात, म्हणजे माझ्या घरी आणायला मी साहेबांशी वर्षभर भांडलो होतो. खेड्यात प्रयोग फसला तर बस शहरातल्या मॉलमध्ये उभी राहणार आणि मी गोडाऊनमध्ये डायनासोर पुसणार, हे ठरलेलं. तापमान वाढवावं तर पासवर्ड साहेबांकडे. मागितला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि दोन्ही बोर्डांची अदलाबदल केली. आत शिरताना गारवा, बाहेर पडताना भविष्यकाळ.

साहेब एसी गाडीतून उतरून तडक खोलीत शिरले.

"हे लोक झोपलेत का?"

"सर, वर्तमानकाळ आहे. निवांत आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडले. लोखंडी कठड्यावर हात टेकला आणि विंचू चावल्यासारखा मागे घेतला. डोक्यावरचा बोर्ड तेव्हा त्यांना दिसला.

मागून शेवंताबाईने टोपल्यावरचं ओलं फडकं पुढे केलं. "हे धरा सायेब. भविष्य तिकडं हाय म्हन्ते तुमचा बोर्ड. आमी त रोज तिथंच बसून राह्यलो."

साहेब फडकं हातात धरून तो बोर्ड वाचत राहिले. एवढा वेळ त्यांनी स्वतःचं भाषणसुद्धा वाचलं नव्हतं. मग आत येऊन लोकांमध्ये बसले. कोणीतरी विचारलं, एवढं तापून काहून राह्यलं? मी गोधडीचं सांगितलं. गारव्यात बसलेला माणूस नीट ऐकतो, हे तेव्हा कळलं.

बस पावसाळ्यापर्यंत जिल्ह्यातच राहिली.

साहेबांनी मात्र बोर्डांची कल्पना स्वतःची म्हणून वर कळवली. हुकूम निघाला : सगळीकडे बोर्ड असेच, रिव्हेट मारून पक्के. पुढचा मुक्काम डोंगरावरचं चिखलदरा. तिथे लोक चेंबरमधून घामेजून निघाले, 'भविष्यकाळा'च्या दारातून थेट थंडगार धुक्यात आले आणि असं भविष्य कधीपासून मिळेल म्हणून विचारू लागले.

तेव्हापासून माझा नियम आहे. बोर्ड स्क्रूनेच बसवावा, आणि त्याआधी एकदा दाराबाहेर हात काढून पाहावा.