माझं उपोषण आणि आईचं तोरंजन

संयुक्त महाराष्ट्रासाठी मी एकदा बेमुदत उपोषणाला बसलो होतो. मला तसं काही करायचं नव्हतं.

मी करायला निघालो होतो ते लाक्षणिक उपोषण. म्हणजे सकाळी बसायचं, संध्याकाळी उठायचं आणि मधल्या वेळात घोषणा द्यायच्या. परळच्या आमच्या चाळीत तेव्हा जो तो चळवळीसाठी काही ना काही करत होता. गिरणीतले लोक मोर्चाला जात होते, बायका सत्याग्रहींसाठी भाकऱ्या थापत होत्या, आणि मी फोर्टातल्या एका कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून, कशाच्याच उपयोगाचा नव्हतो. मोर्चात मी दोनदा गेलो, पण पळापळ सुरू झाली की माझे पाय नेमके पोलिसांच्या दिशेने धावत. शेवटी चाळ कमिटीचे सेक्रेटरी तात्या पेडणेकर यांनी माझी नीट पाहणी केली.

"वसंता, तुला बसता येतं ना?"

"येतं."

"मग तू उपोषण कर."

हरताळाच्या दिवशी बसायचं ठरलं. जागा ठरली चाळीमागच्या नळाजवळची, कारण तेवढीच मोकळी होती. आणि तिथेच, माझ्या बैठकीच्या बरोब्बर समोर, आईचं तोरंजनाचं झाड होतं.

या झाडाविषयी आधी सांगायला हवं. घाटावरचे लोक ज्याला पपनस म्हणतात, त्याला आमच्या मालवणकडे तोरंजन म्हणतात. चतुर्थीला आम्ही गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतो. तिला माटवी म्हणतात. तिला नारळ, सुपाऱ्या, काकड्या, रानातली फळं असं सगळं बांधायचं आणि मधोमध तोरंजन. लग्न होऊन मुंबईला आल्यापासून आईला चतुर्थीला एकदाही गावी जायला मिळालं नव्हतं. बाबांना गिरणीतून रजा मिळायची ती मे महिन्यात. तेव्हा गावात आंबे असतात, गणपती नसतो. मग मामाने एकदा बोटीतून तिच्या माहेरच्या परड्यातलं रोप आणून दिलं. तिने ते नळामागे लावलं आणि सगळ्या चाळीच्या धुण्याभांड्यांच्या पाण्यावर वाढवलं. झाड वाढलं, फोफावलं, कावळ्यांना घर देऊन बसलं, पण फळ म्हणून धरेना. बाकीच्या बायका म्हणत, "मालवणीण बाई, हे नर झाड दिसतंय." आई ऐकून घ्यायची आणि आणखी एक बादली ओतायची.

त्या वर्षी त्याला फळ धरलं. एक.

आईने त्याला जुन्या लुगड्याच्या तुकड्याची झोळी करून बांधली, म्हणजे देठावर भार नको. घरात सक्त ताकीद होती की फळाकडे बोट दाखवायचं नाही. (बोट दाखवलं की फळ सडतं. चुकून दाखवलंच तर ते बोट लगेच चावायचं, मग दोष जातो.) आम्ही सगळे फळ दाखवायचं झालं तर मूठ करून दाखवत होतो. चतुर्थी पंधरवड्यावर आली होती. आई कामाच्या अधेमधे खाली जाऊन झाडासमोर उभी राहायची आणि तिच्या चेहऱ्यावर मी क्वचितच पाहिलेलं असं हसू असायचं. यंदा माहेरचं तोरंजन तिच्या गणपतीवर टांगलं जाणार होतं. एवढीच तिची मागणी होती, आणि ती तिने माणसांकडे नाही, थेट झाडाकडे केली होती.

तर मी बसलो. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, मागे फलक. दुपारपर्यंत माझ्यातलं देशप्रेम अगदी ठणठणीत होतं. दुपारनंतर वरच्या मजल्यावर कोणीतरी सुका बांगडा भाजायला घेतला आणि ते डळमळू लागलं. पण संध्याकाळ जवळ होती. मोसंबीचा रस मिळणार होता. तात्यांनी चाळीच्या दारातल्या फळ्यावर खडूने तसं लिहूनच ठेवलं होतं: 'सायंकाळी मोसंबीच्या रसाने उपोषणाची सांगता.'

संध्याकाळी तात्या मोसंबी आणायला नाक्यावर गेले आणि तसेच परत आले. मोसंबी नव्हती. असणार कुठून? हरताळ होता. आणि हरताळ आमच्याच कमिटीने कडकडीत पाळायला लावला होता. नाक्यावर फळांची गाडी लावणाऱ्या हसनचाचांना तर आदल्या दिवशी मी स्वतः सांगून आलो होतो. तात्या त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते खाटेवर बसून होते आणि मोसंबीची करंडी खाटेखाली होती.

"चाचा, चार मोसंबी द्या. आपल्या वसंताचं उपोषण सोडायचंय."

"कैसे देगा? कल तुम्हारा वसंताही बोलके गया ना, जो माल बेचेगा वो महाराष्ट्र का दुश्मन. हम दुश्मन नहीं बनेगा."

"अहो, पण हे चळवळीसाठीच आहे."

"हरताळ भी चळवळ के लियेच है."

तात्यांनी हे सगळं येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. ते शब्द माझेच होते, आणि मला तर भूक लागली होती.

मग माझ्याभोवती बैठक बसली. एकाने चहा सुचवला. तात्या खवळले. "चहावर उपोषण सोडायला हा काय इराण्याकडे बसलाय? फळाचा रस पाहिजे. रीत आहे तशी." लिंबू शोधलं, तर अख्ख्या चाळीत लिंबं सापडली ती दारांवर मिरच्यांसोबत टांगलेली, वाळून सुपारी झालेली. तेवढ्यात तात्यांची नजर समोर गेली. त्यांना भाषणाची सवय. त्यांनी हात उंचावला आणि तोरंजनाकडे सरळ तर्जनी रोखली.

"हे काय समोर आहे!"

गॅलरीतून आई कडाडली. "तात्यानू, आधी बोट चावा."

"काय?"

"बोट चावा म्हणतंय."

कमिटीच्या सेक्रेटरींनी भर सभेत स्वतःचं बोट चावलं. आई खाली आली आणि झाडासमोर उभी राहिली. "ता फळ गणपतीचा आसा. मी देवचंय नाय. लिंबाच्या लोणच्याची फोड आणून देतंय, ती चाटूक द्या त्याका."

मला ती फोडसुद्धा चालली असती, बरणीसकट चालली असती. पण सगळे आईकडे बघत होते. तिचा हात झाडाच्या खोडावर होता आणि मला भडभडून आलं. रिकाम्या पोटी माणूस फार लवकर थोर होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या आईच्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. फळ मिळालं नाही तरी चालेल. मी असाच बसून राहीन."

माझी कल्पना अशी, की आता चार जण म्हणतील, 'नको रे बाबा, चल, भाकरी खा.' त्याऐवजी टाळ्या पडल्या. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला मिठी मारली, मग धावत फळ्याकडे गेले आणि 'सायंकाळी सांगता' पुसून लिहिलं: 'बेमुदत.'

दुसऱ्या दिवशी बघायला शेजारच्या चाळींतून लोक आले. ओळखदेख नसलेल्या म्हाताऱ्या माझ्या पाया पडल्या. हरताळ एका दिवसाने वाढला होता, त्यामुळे गिरणीला सुट्टी आणि मोसंबीलाही. बाबा येऊन शेजारी बसले. बाबा बोलायचे कमी, गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे असेल.

"उठ, घराक चल."

"बाबा, लोक काय म्हणतले?"

बाबांनी जमलेल्या लोकांवरून एकदा नजर फिरवली. "लोक घराकडसून जेवान इले आसत," ते म्हणाले आणि विडी ओढायला निघून गेले.

माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर तेच फळ होतं. हिरवंगार, गोल, झोळीत झुलणारं. मी त्याच्याकडे एकटक बघत होतो आणि लोक एकमेकांना सांगत होते, ध्यान लागलंय. दुपारी ऊन वाढलं, माशा घोंगावायला लागल्या, आणि मला झोप लागली. नुसती झोप. मान खाली पडली, तोंड उघडं राहिलं. कोणीतरी ओरडलं, "वसंता गेला!" तात्या आधी फळ्याकडे धावले (माझ्याकडे नंतर आले) आणि त्यांनी लिहिलं: 'प्रकृती चिंताजनक.'

आईला वाचता येत नव्हतं. आमच्या नळाशी माणसांची रीघ, म्हणून ती शेजारच्या चाळीतून पाणी भरून दारातून वर जात होती, तिथे गर्दी दिसली म्हणून तिने शेजारच्या कुसुमला विचारलं, काय लिवलानी गो? कुसुमने वाचून दाखवलं. पुढचं मला कुसुमनेच सांगितलं. आईच्या हातातला हंडा तिथेच खाली पडला. ती वर खोलीत गेली, देवाच्या फळीसमोर क्षणभर उभी राहिली, कोयता घेतला आणि खाली आली.

मी जागा झालो तो तिच्या हाकेने. "बाबू, डोळे उघड रे. वसंता, माझ्याकडे बघ."

मी डोळे उघडले. समोर आई होती, तिच्या पदरात तोरंजन होतं, आणि तिच्यामागे झाडावर लुगड्याची रिकामी झोळी लोंबत होती.

"तुका काय होता?" तिने विचारलं.

"काय नाय. झोप लागलेली."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदरातल्या फळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते माझ्या टाळक्यात बसणार आणि प्रकृती खरोखरच चिंताजनक होणार.  पण ती खाली बसली आणि फळ सोलायला लागली.

तोरंजनाची साल जाड असते हे मला माहीत होतं. पण ते फळ अजून तयार झालं नव्हतं. साल निघाली, तिच्याखाली पांढरा थर निघाला, तोही काढला, आणखी निघाला. नारळाएवढं फळ बघता बघता चिकूएवढं झालं. लोक पुढे सरकले. सगळं पिळून वाटीच्या बुडाला कसाबसा रस जमला. तात्यांनी शांतता पाळायला सांगितली आणि आईने वाटी माझ्या ओठांना लावली.

मी आयुष्यात बरंच कडू प्यालो आहे, त्यात लहानपणीचा काढा आहे आणि कचेरीतला चहासुद्धा. पण असं आंबट, तुरट आणि कडू एकाच घोटात मी पुन्हा कधी प्यालो नाही. माझे डोळे मिटले, मान वाकडी झाली, गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं. मी थुंकणार हे आईने बरोबर ओळखलं. तिने एरंडेल पाजताना धरायची तसं माझं नाक धरलं. "गप गिळ. देवाचा आसा."

मी गिळलं. "बघा," तात्या गदगदून लोकांना म्हणाले, "बघा, आईच्या हातून घेताना कसा रडतोय."

रात्री आईने गरम पेजेचा वाडगा आणि बांगडा पुढे ठेवला, तेव्हा मी तिला विचारलं, देवासमोर काय बोललीस? "काय बोलतलंय? सांगलंय, देवा, तुझा फळ माझ्या झिलाक घालतंय, राग मानू नको." एवढं बोलून तिने माझ्या वाडग्यात आणखी पेज वाढली. इतक्या वर्षांनंतरही मला ती पेज आठवते. जिने झाडाला एकच गोष्ट मागितली होती, तिने ती माझ्या एका डुलकीपायी तोडून दिली. आणि त्याचं एक अक्षरही मला ऐकवलं नाही.

चतुर्थीला आईने माटवी बांधली. मधोमध सुतळी सोडली आणि तिला काहीच बांधलं नाही. सकाळी दारात तात्या आले, हातात दादरच्या बाजारातून शोधून आणलेलं ईडलिंबू. "वहिनी, हे चालेल का?" मग कुसुम आली लिंबं घेऊन. मग वरच्या मजल्यावरची बांगडेवाली. जो तो येत होता आणि आंबट काहीतरी आणत होता. शेवटी हसनचाचा डोक्यावर करंडी घेऊन जिना चढून आले.

"आज हरताळ नहीं है," ते म्हणाले आणि करंडी उंबऱ्यावर ठेवून गेले.

आईने एकही फळ परत पाठवलं नाही. सगळी माटवीला बांधली. बांधता बांधता तिला रडू येत होतं आणि ती सारखी सांगत होती की सुतळीचा कचरा डोळ्यात गेला. मीही मनातल्या मनात प्रत्येकाचे आभार मानत होतो. माझ्यामुळे रिकामी झालेली जागा सगळ्या चाळीने भरून काढली होती.

जरा जास्तच भरली होती. आरती ऐन रंगात आलेली, मी झांजा वाजवत पुढे सरसावलो, आणि माटवीची दोरी तुटली. गणपतीच्या अंगावर एक लिंबूसुद्धा पडलं नाही. सगळं माझ्यावर पडलं. तात्यांचं ईडलिंबू मला अजून आठवतं, कारण त्याला टोक होतं. बाबा आयुष्यात पहिल्यांदाच खो खो हसले. आई हसता हसता खाली बसली आणि म्हणाली, "घेतल्यान. देवान आपला वसूल करून घेतल्यान."

पुढे महाराष्ट्र झाला. चाळीत पेढे वाटले. तोरंजनाचं झाडही सुधारलं आणि दर चतुर्थीला भरपूर फळं द्यायला लागलं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नव्या कमिटीतला एक तरुण मुलगा आमच्या घरी आला. चळवळीतल्या लोकांचा सत्कार करायचा होता. मी भांग पाडला, इस्त्रीचा सदरा घातला आणि खुर्चीत ताठ बसलो. तो मुलगा नम्रपणे आईकडे वळला.

"आजी, तुमच्या घरातून चळवळीत कोण होतं?"

मी खाकरलो. आईने खिडकीबाहेर हात केला. बोट नाही, मूठ.

"ता. आमच्या घरातसून ता तोरंजन गेला."

मुलगा गोंधळला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि हे?"

"ह्यो?" आई म्हणाली. "ह्येनाच खाल्ल्यान ता."