दाजींची तपासणी कुणी थांबवली

निलंग्यात पाण्याची मोटार जळाली की लोक ती संगमेशकडे आणतात, आणि कचेरीतला साहेब ऐकत नसला की संगमेशलाच उचलून नेतात. दहावी नापास गडी, पण माहितीचा अधिकार तोंडपाठ. कोरोनात एका दवाखान्यानं पेशंटांना उठसूट सीआरपीची रक्ततपासणी करायला लावली, तेव्हा ह्यानं दारातच ठाण मांडलं होतं. तेव्हापासून सीआरपी म्हणजे लूट, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

गेल्या उन्हाळ्यात अक्काच्या नवऱ्याला, मल्लिकार्जुन दाजींना, जिना चढताना छाती जड व्हायला लागली. संगमेश त्यांना लातूरला घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरनं ईसीजी बघितला. तो ठीक होता. तरी रक्तातली चरबी, सीआरपी आणि फिरत्या पट्ट्यावर चालवून करायची तपासणी लिहून दिली.

संगमेश भडकला. "कोरोना गेला की! आता कशाची सीआरपी? आम्ही काय बकरे वाटलो का?"

"काका, अंगात सूज आहे का कळते त्यानं. नसा किती तुंबल्यात ते तेवढ्यावरनं नाही सांगता येत, म्हणून बाकीच्या..."

"चला दाजी!"

दाजी मुकाट उठले. एसटीत शेजारच्याला कौतुकानं सांगत होते, "माझा मेव्हणा वाघ हाय. डॉक्टरला घाम फोडला."

दिवाळीच्या तोंडावर दुकानात साखरेचं पोतं सरकवताना दाजी कोसळले. वाचले. अँजिओग्राफी त्याच डॉक्टरनं केली. तिन्ही नसा तुंबलेल्या. "सीआरपी आता चढलेलीच असणार, हृदयाच्या झटक्यानं चढतेच. उन्हाळ्यात बघायला हवं होतं सगळं," एवढंच तो बोलला, संगमेशकडे न बघता.

पाणी येतंय म्हणजे मोटार चांगली, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला संगमेश नेहमी झापायचा, "पाणी काय बघून राहिला? हात लाव, अंग तापलंय का बघ!" दाजींना मात्र त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता.

खाटेजवळ अक्का नवऱ्यावर तोंड टाकत होती. "किती येळा म्हणलं, तपासून घ्या. ह्यांचाच हट्ट!"

"हाव, माझाच हट्ट," दाजी म्हणाले, आणि संगमेशकडं बघून हळूच हसले. संगमेशनं मान खाली घातली.

डॉक्टरनं बायपासचं नाव काढताच दाजींनी मान हलवली. "छाती फाडून घ्यायची न्हाई. लुटायचे धंदे हायेत हे. इचारा आमच्या संगमेशला."

अक्का संगमेशकडं बघायला लागली. डॉक्टरही. तहसीलदाराची बोबडी वळवणारा माणूस खाटेच्या कडेला टेकला.

"दाजी, लूट न्हाई ही," तो कसाबसा म्हणाला. "अक्का, त्यांचा हट्ट नव्हता. तपासणी मी थांबवली. ह्ये डॉक्टर सांगत होते, मीच ऐकलं न्हाई."

अक्कानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडं वळली.

दाजींचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. "तू म्हणतूस, करून घ्यावं?"

"हाव, दाजी."

"मग करू की."

डॉक्टरला त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. उन्हाळ्यातही ते असेच, काही न विचारता, संगमेशच्या मागं उठून आले होते.