फांदीचं प्रवाळ

ऐंशीच्या सुमाराला धुळ्यात कॉलेजमागच्या चाळीत दिवाळी सरली, की आठवडाभर भिकुबाईच्या अंगणातून कुजका वास येई. शेजारची प्रमिलाबाई नाकाला पदर लावून विचारी, "भिकुअक्का, तुमना घरमा काय मरनं वं?"

"समुद्र," भिकुबाई म्हणे आणि हातातला ब्रश चालवत राही.

नवरा लोटन प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. दरवर्षी मुलांच्या सहलीबरोबर द्वारकेपुढच्या किनाऱ्यावर जाई, ओहोटीला छिन्नी-हातोडा घेऊन खडकांत उतरे. प्रत्येक मुलाला परीक्षेला आपापले नमुने ठेवावे लागत. त्यातलं प्रवाळ साफ करायचं काम भिकुबाईचं. तीन दिवस ब्लीचिंग पावडरीत भिजवायचं, मग दातांच्या जुन्या ब्रशने एकेक भोक. उन्हात वाळलं की साबुदाण्याच्या पापडासारखं पांढरं निघे. हरणाच्या शिंगांसारखं फांद्यांचं प्रवाळ तिचं सगळ्यांत लाडकं. पहिल्या वर्षी लोटनने ते पोतंभर आणलं, पुढे पाटीभर, मग दोन तुकडे, मग येईनासंच झालं. नवरा आळशी झाला, एवढंच तिला वाटलं.

अठ्ठ्याऐंशी साली मुलींबरोबर जाणाऱ्या प्राध्यापक बाई आजारी पडल्या, म्हणून प्राणिशास्त्राच्या सरांनी भिकुबाईला नेलं. द्वारकाधीशाचं दर्शन होणार, ती खुशीत होती.

ओहोटीला लुगडं खोचून ती लोटनमागे पाण्यात उतरली. एका कोळ्याने सांगितलं, पूर्वी इथून ट्रकच्या ट्रक प्रवाळ चुन्याच्या भट्टीला जायचं. उरलेल्यावर आता गाळ बसतो. बराच वेळ फिरल्यावर एका कपारीत लोटन थांबला. गुडघाभर पाण्यात तपकिरी झुडूप उभं होतं. फांद्यांवर बारीक बारीक तोंडं होती, फुलल्यासारखी.

"हाई काय शे?"

"तेच, फांदीवालं. जित्तं शे. तू धोस ते त्यानं हाडूक."

"म्हंजे मी इतला वरीस हाडके धोयात?"

लोटनने पिशवीतून छिन्नी काढली. तीन वर्षांत त्याला दिसलेलं हे एकच झुडूप. प्रयोगशाळेच्या कपाटातला नमुना फुटला होता, बाहेरचे परीक्षक येणार होते. हे आणलंच पाहिजे, असं सरांनी बजावलेलं. त्याने बुडाशी छिन्नी लावली. भिकुबाईने छिन्नीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या."

"सरले काय सांगू?"

"सांगा, नई भेटनं."

"वीस वरीसमा मी सरसंगे खोटं नई बोलनू."

"माले रोज बोलतस, तसंच बोला."

लोटनला हसू आलं. त्याने छिन्नी पिशवीत टाकली.

"लोटन, तुला मोतीबिंदू झालाय," तो रिकाम्या हाताने परतल्यावर सर सगळ्या मुलांसमोर म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी सहलीला दुसरा शिपाई नेला, मगनला. लोटनने त्याला ती कपार सांगितली नव्हती. पण मगनची नजर घारीची. सहलीचे ते पाच दिवस भिकुबाईचं कशात लक्ष लागेना. मगन परतला त्याच दिवशी तिने त्याला चहाला बोलावलं.

"मगनभाऊ, फांदीवालं भेटनं का?"

"नई अक्का. बठ्ठा किनारा फिरनू. एका कपारमा होतं, पन मरी गयं. वर गाळ बशी गया."

भिकुबाईने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तो खोटं बोलत असावा, असं तिला फार वाटत होतं. पण मगनला खोटं बोलता येत नसे, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं.