छपराखालचा नऊ नंबर

काउको पेल्कोनेनच्या मते आइस हॉकी हा खेळ तैस्तो लोउहेला निवृत्त झाला त्याच दिवशी संपला. त्यानंतर जे चाललंय, ते लोक सवयीने बघतात. अशा सवयीच्या लोकांत काउको स्वतः सगळ्यात पुढे. आमच्या हीसलाहती गावातल्या बर्फाच्या रिंकवर अस्वल क्लबचा सामना असला की दार उघडायच्या आधी हा दाराशी उभा. सामना संपेपर्यंत कुरकुरणार, आणि पुढच्या सामन्याचं तिकीट घेऊनच घरी जाणार.

जन्मभर त्याने गावाचे नळ जोडले. आमच्याकडच्या थंडीत पाइप फुटला की लोक आधी काउकोला फोन करतात आणि मग देवाचं नाव घेतात. काउको ओट्याखाली उताणा पडून तैस्तोचा एखादा गोल सांगायला लागायचा आणि बिचाऱ्या घरमालकिणीला टॉर्च धरून तो शेवटपर्यंत ऐकावा लागायचा, कारण टॉर्च खाली ठेवला तर काम थांबणार. त्याची बायको इर्मा होती तोवर म्हणायची, लग्नाच्या वाढदिवसाची आठवण मी याला करून देते आणि तैस्तोच्या वाढदिवसाची हा मला.

रिंकच्या कॅफेत रोज सकाळी निवृत्तांचं एक टेबल जमतं. तिथे काउकोच्या समोरची खुर्ची इल्पोची. इल्पो गावचा जुना न्हावी. तैस्तोचे केस कापताना टाक्यांच्या गाठींत कात्री अडायची असं तो सांगतो, पण भक्ती मात्र करत नाही. त्याचं म्हणणं, आजची पोरं घोड्यासारखी पळतात, मोजून खातात, वेळेवर झोपतात. यातला कुठलाही एक मैदानाला दोन चकरा मारून येईल, तोवर तैस्तो सिगरेट विझवत असेल. त्यावर काउको म्हणायचा, असेल, पण विझवून झाल्यावर गोल कोण मारणार? आणि तेही लाकडी काठीने, डोक्यावर हेल्मेट नसताना. आजच्या पोरांच्या काठ्या हलक्या, पायांखालची पाती हलकी आणि काळजंही तेवढीच हलकी. इल्पो त्याला पाद्रीबुवा म्हणतो. हा वाद गेली कित्येक वर्षं रोज सकाळी नव्याने सुरू होतो आणि कॉफी संपली की संपतो. वाद मिटला तर सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न दोघांनाही पडेल.

रिंकच्या छपराखाली, मैदानाच्या बरोबर मध्यावर, तैस्तोचा शर्ट टांगलेला आहे. पाठीवर मोठा नऊ. याला आमच्याकडे नंबर गोठवणं म्हणतात. एकदा गोठवला की तो आकडा क्लबच्या मुख्य संघात कुणी घालायचा नाही. उतरवायचाच झाला तर ज्याने तो मिरवला त्याच्याच शब्दावर. काउको जागेवर बसण्याआधी दर वेळी एकदा वर बघतो. चर्चमध्ये काढतात तशी टोपी काढत नाही, एवढाच काय तो फरक.

या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी क्लबच्या मॅनेजर हेन्रीक्काबाई त्या टेबलाशी आल्या. मागे एतू सार्नियो उभा होता. एतू गावचाच पोरगा. लहान गटांत कायम नऊ नंबर घालून खेळला आणि आता मुख्य संघात निवडला गेलाय. हेन्रीक्काबाईंनी सरळ विचारलं. नऊ उतरवता येईल का, हे तैस्तोला विचारायला हवं. तैस्तो तळ्यापलीकडे एकटा राहतो, फोन कपाटात ठेवतो, रिंकवर येत नाही. त्याच्या घरी जाणारा गावात एकच माणूस, आणि तो म्हणजे काउको. दर हिवाळ्यात त्याचा गोठलेला पाइप सोडवायला जाता जाता शनिवारचा सौनाही, म्हणजे लाकडी खोलीतलं वाफेचं स्नान, बरोबर व्हायला लागला होता.

टेबलावरचे सगळे आपापल्या कपात बघू लागले. इल्पोसुद्धा.

एतू म्हणाला, "काका, ते नाही म्हणाले तर नाही. मी परत विचारणार नाही. पण एकदा विचारा."

काउकोने मान डोलावली. पोरगा उद्धट असता तर त्याचं काम सोपं झालं असतं.

शनिवारी तो तैस्तोकडे गेला. आता इथे एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडे सौनात कामाचं बोलत नाहीत. कुणी बोललंच, तर त्याला तिथे उत्तर देत नाहीत. माणूस घाम गाळत प्रश्न ऐकून ठेवतो, तळ्यात एक बुडी मारतो, अंग पुसतो आणि मग बाहेरच्या बाकावर कॉफीबरोबर उत्तर येतं. हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून सौनानंतर कॉफी न घेता उठणं म्हणजे समोरच्याचं बोलणं मध्येच तोडून दार आपटण्यासारखं.

काउकोने प्रश्न सौनाच्या वरच्या फळीवर विचारला. क्लबला तुझा नंबर उतरवायचाय, सार्नियोच्या पोराला हवाय. एवढंच. तैस्तोने पाण्याचा लाकडी डाव उचलला, तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफेचा लोट दोघांच्या कानांवरून गेला. तैस्तो काहीच बोलला नाही. रीतीप्रमाणे बोलणारही नव्हता.

तळ्यातून वर येताना काउकोला बाकावर किटली दिसली, शेजारी वेलदोड्याचे पाव. तैस्तो आत कपडे घालत होता. काउकोने बूट चढवले, शेगडीवर बटाटे ठेवून आलोय असं दारातूनच ओरडून सांगितलं आणि गाडी सुरू केली. बटाटे अजून त्याच्या वाफ्यात जमिनीखाली होते. रस्ताभर तो स्वतःशी शीळ घालत होता. वेलदोड्याचा वास मात्र घरापर्यंत मागे आला.

सोमवारी हेन्रीक्काबाईंनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काही बोलला नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तैस्तो काही बोलला नाही याचा अर्थ आमच्या गावात एकच होतो, नकार. एतूला एकोणचाळीस नंबर मिळाला. कॅफेच्या दाराशी गाठ पडली तेव्हा त्याने काउकोचे आभार मानले, तुम्ही एवढं लांब गेलात म्हणून. काउको म्हणाला, लांब कसलं, तळ्यापलीकडेच तर आहे. मग बराच वेळ तो दारातल्या पायपुसण्यावर बूट घासत राहिला. बुटांना काही लागलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात टेबलावर इल्पोने पाव कुरतडत सहज विचारलं, तैस्तोकडे कॉफी कशी होती. काउकोने खिडकीबाहेर बघितलं. इल्पो त्याच्याकडे पाहत राहिला, आणि सगळं उमगल्यावर त्याने विषय बदलला. पाद्रीबुवा म्हणाला नाही, टोमणा मारला नाही, आजच्या पोरांची बाजूसुद्धा घेतली नाही. त्या टेबलावर काउकोला इतकं वाईट आजवर कुणी वागवलं नव्हतं.

शनिवार आला. काउको घरीच बसला. त्याने स्वतःच्या घरचा एक नळ उघडून पुन्हा बसवला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याने बसवलेला नळ गळायला लागला. दुपारी सराव बघायला गेला तर एतू मैदानावर एकटाच वळणं घेत होता. पाठीवर एकोणचाळीस. वरती छपराखाली नऊ. काउकोने सवयीने वर बघितलं, आणि त्याला वाटलं की आपण एखाद्याच्या घरातून उचललेली वस्तू बघतोय.

बुधवारी तो तळ्यापलीकडे गेला. सौनाचा दिवस नव्हता, पाइप गोठायला अजून अवकाश होता. तैस्तो अंगणात मशरूम निवडत बसला होता. त्याने काउकोकडे पाहिलं, आत गेला, किटली ठेवली. कॉफी होईपर्यंत दोघांनी चांगले मशरूम एकीकडे आणि किडके एकीकडे केले. मग तैस्तोने दोन कप भरले.

"उशीर झाला," तो म्हणाला. "पाव जॅकडॉ पक्ष्यांना घातले."

"बटाटे..."

"बटाटे राहू दे. पोराला नंबर देऊन टाक, असं सांगायचं होतं."

काउकोने कप खाली ठेवला. ज्या वाक्यापासून तो पळून गेला होता, ते असं मशरूमच्या टोपलीशेजारी येऊन बसलं. पण हार मानेल तर काउको कसला? त्याने विचारलं, तू त्याला खेळताना पाहिलंस कधी? रिंकवर तर तू पाऊल ठेवत नाहीस.

तैस्तोने हनुवटीने समोरचं तळं दाखवलं. गेले दोन हिवाळे पोरगा इथे गोठलेल्या पाण्यावर एकटा खेळायला येतो, खिडकीतून दिसतो. "माझ्यापेक्षा चांगला आहे," तो म्हणाला.

"नाही."

"काउको, मी किती चांगला होतो हे मला माहीत आहे. मी तिथे होतो. तू स्टँडात होतास."

 देव स्वतःच म्हणायला लागला की माझी मूर्ती जरा मोठी घडवलीय, तर पुजाऱ्याने कुणाकडे दाद मागायची? काउकोने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात कॉफी ओतली. मग त्याने, इतकी वर्षं न विचारलेलं, विचारलं. तू रिंकवर का येत नाहीस?

तैस्तो एक मशरूम उलटसुलट करत राहिला. "आपलाच शर्ट वर वाळत घातलाय आणि कुणी उतरवतच नाही. त्याच्याखाली बसून सामना कसा बघायचा?"

काउकोने दुसरा कप घेतला, तिसराही घेतला. आमच्याकडे तिसरा कप म्हणजे माफी मागून झाली आणि ती मिळालीही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर त्याने हेन्रीक्काबाईंना बोलावलं, एतूलाही. उभा राहून म्हणाला, "तैस्तोने हो म्हटलंय. त्या शनिवारीच म्हणाला असता. मी कॉफी न घेता आलो."

 क्लबची तिजोरी फोडली असं त्याने सांगितलं असतं, तर लोकांनी निदान कशी फोडली ते विचारलं असतं. एतू खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "सांगितलंत, काका. बरं झालं." इल्पो उठला, काउंटरवरून काठोकाठ भरलेला कप आणला आणि काउकोसमोर आदळला.

"पाद्रीबुवा, ही संपवल्याशिवाय उठायचं नाही."

काउकोला हायसं वाटलं.

शर्ट उतरवायच्या दिवशी दोरीच हलेना. इतक्या वर्षांच्या ओलाव्याने वरची कप्पी गंजून बसली होती. कुणीतरी दोरी कापू या म्हणालं. काउकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मग स्वतःच्या पेटीतून तेलाची कुपी काढून हा म्हातारा शिडीवर चढला. खाली इल्पो शिडी धरून, पडलास तर तुझा शर्ट टांगायला जागा आता रिकामी होतेय, असा धीर देत होता. कप्पी करकरली आणि फिरली. नऊ नंबर हळूहळू खाली आला. जवळून पाहिल्यावर तो फार लहान वाटला, आणि काखेत त्याला ठिगळ होतं. ते ठिगळ खालून दिसत नसे.

हंगामाच्या पहिल्या सामन्याला काउकोच्या शेजारच्या खुर्चीवर तैस्तो येऊन बसला. लोकांनी माना वळवल्या, मग आमच्या रीतीप्रमाणे लगेच परत फिरवल्या. मैदानावर नऊ नंबर होता, एतूच्या पाठीवर.

दुसऱ्या सत्रात एतू एकटाच चकती घेऊन सुटला. समोर फक्त गोलरक्षक, तोही आडवा पडलेला, जाळं सताड उघडं. एतूने चकती जाळ्याच्या वरून मारली.

"तू असतास तर आत गेली असती," काउको म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

"अशा संधी मी खूप घालवल्यात," तैस्तो म्हणाला. "तू तेव्हा डोळे मिटून घ्यायचास. बर्फावरून दिसायचं."

 काउकोने थर्मास उघडून दोघांसाठी कॉफी ओतली. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना नऊ नंबर पुन्हा सुटला, तसाच, डावीकडून, आणि काउकोने कप हातात धरून डोळे उघडे ठेवले.

एतूने पुन्हा घालवली. काउकोने तेही बघितलं.