धडा परत मागणारे भाऊजी

शिकवलेला धडा घरोघर जाऊन परत मागणारा मास्तर साऱ्या नगर जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या घरात, माझा धाकटा दीर. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली शाळेत नवी पुस्तकं आली. बाकीच्या मास्तरांनी जुनी रद्दीत घातली. भाऊजी जुनं-नवं दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन ओळीला ओळ लावत बसले आणि जेवताना म्हणाले, "वहिनी, पुस्तक बदललं. पण जी पोरं शिकून गेली त्यांचं काय?" मी म्हटलं, आमटी गार होतेय.

मला काय ठाऊक भाऊजी खरंच त्या पोरांना शोधत निघतील! काष्टीच्या बाजारात जुना विद्यार्थी खोंडाचा सौदा करत होता. त्याचा हात धरून भाऊजींनी सांगितलं, की घुबड अशुभ नसतं, उंदीर खातं, मी उलटं शिकवलं, माफ कर. तो म्हणाला, "केलं माफ गुरुजी, पर खोंड घ्यायचा हाय का?" एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना नवरदेवाच्या कानात सांगून आले, की साप दूध पीत नाही. भटजींची मंगलाष्टकं अडली. मी अक्षता हातात धरून दगड झाले.

पण खरा धक्का भिंगारला बसला. बहिणीकडे जायचं म्हणून मीही एसटीनं बरोबर गेले होते. तिथं भाऊजींची एक जुनी विद्यार्थिनी राहायची. बौद्ध घरातली, आता स्वतःच शिक्षिका. जुन्या पुस्तकात गावात कुठल्या जातीनं काय काम करायचं, असा एक धडा होता. तो जिवंत व्हावा म्हणून भाऊजी एकेका ओळीला एकेक पोर उभं करायचे. गाव झाडायच्या ओळीला हिला. आणि या युक्तीचं कौतुक घरी येऊन आम्हालाच सांगायचे! आम्हीही हसायचो.

दारातच म्हणाले, "तो धडा काढून टाकलाय, बाई. माझ्याकडूनही रद्द समज."

ती शांतपणे म्हणाली, "पुस्तकातून गेला, गुरुजी. मला अजून पाठ आहे. बाकीच्यांना ओळ संपली की बसा म्हणायचात. मला म्हणायला विसरायचात. मी घंटा होईपर्यंत उभी."

पंधरा वर्षांच्या शिकवण्यातल्या चुका आठवणीनं गोळा करणाऱ्या या माणसाला हे आठवतच नव्हतं.

तिनं चहा केला. खुर्ची पुढं ओढून दोनदा म्हणाली, बसा गुरुजी. मी बसले. भाऊजी चहा उभ्यानंच प्यायले.